प्रेमगीत, मरणवार्ता आणि चार ट्रॉम्बोन

१

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती चाळल्या, तर पदांच्या डोक्यावर बारीक टाइपातील एक ओळ आढळते. कधी तिच्यात राग आणि ताल सांगितलेला असतो, तर कधी 'चाल' असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' (१८८२) रचले तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातली पदे, लावणी, कानडी मुलुखातील गाणी अशा अनेक ठिकाणच्या चाली त्यांच्या कानात होत्या आणि त्यांवर त्यांनी नवे शब्द बसवले. पद शिकवताना आपण त्याचा प्रसंग सांगतो, अर्थ सांगतो, अलंकार दाखवतो. ती बारीक ओळ मात्र बहुधा ओलांडून पुढे जातो. ती गायकासाठी आहे, वाचकासाठी नाही, असे आपण गृहीत धरलेले असते.

वास्तविक त्या ओळीत एक मूलभूत वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे. चालीला स्वतःचा अर्थ असतो काय? असल्यास ती जुन्या शब्दांचा काही अंश नव्या शब्दांत आणते काय? आणि शब्द पूर्णपणे काढून घेतले, केवळ वाद्यांवर चाल वाजवली, तर तो अर्थ उरतो की विरतो? पहिल्या दोन प्रश्नांवर आपण मते मांडू शकतो. तिसऱ्याची तड लावायची, तर असे उदाहरण हवे, की ज्यात एकाच चालीचा प्रवास सनावळीसह हाती लागतो आणि ज्यात ती चाल शब्दांवाचूनही एखाद्या समाजात निश्चित अर्थाने वापरली गेली आहे. असे एक उदाहरण जर्मनीत सुरू होते आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात पोहोचते. इ.स. १६०१ मध्ये छापले गेलेले एक प्रेमगीत पुढे चार ट्रॉम्बोनांसाठी बांधले गेले आणि गावात कोणीतरी वारले आहे हे सांगण्यासाठी उंचावरून वाजवले जाऊ लागले. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यात रूपांतरकाराचा वाटा कोणता, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हान्स लेओ हास्लर (१५६४–१६१२) हा न्यूरेंबर्गचा संगीतकार. तो १५८४ मध्ये व्हेनिसला गेला आणि तेथे आंद्रेआ गाब्रिएलीकडे शिकला. नंतर बरीच वर्षे तो आउग्सबुर्गच्या धनाढ्य फुगर घराण्याच्या पदरी होता. पुढे आपल्या गावी परतल्यावर १६०१ मध्ये त्याने एक संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या नावातील 'लुस्टगार्टेन' या शब्दाचा अर्थ 'आनंदाचे उद्यान'. संग्रहात चारपासून आठ आवाजांपर्यंतची जर्मन गीते होती, नृत्याची गाणी होती आणि केवळ वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनाही होत्या. गाण्यासाठी लिहिलेले वाद्यांवर वाजवावे, ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. कंठसंगीत आणि वाद्यसंगीत यांच्यामधील कुंपण तेव्हा फारसे उंच नव्हते.

या संग्रहात पाच आवाजांचे एक गीत आहे. 'माझे मन गोंधळून गेले आहे' अशा आशयाच्या शब्दांनी ते सुरू होते आणि त्या शब्दांनीच ओळखले जाते. गोंधळाचे कारण एक कोवळी तरुणी. प्रियकराला रात्रंदिवस चैन नाही, तो उसासे टाकतो, रडतो. प्रेमकाव्यातील हे सारे परिचित संकेत. गीताची पाच कडवी आहेत आणि त्यांची आद्याक्षरे एकापुढे एक ठेवली की 'मारिया' हे नाव उमटते. ज्या मुलीचे नाव उघड घ्यायचे नाही तिला कडव्यांच्या आरंभी लपवून ठेवण्याची ही क्लृप्ती आहे. गाणाऱ्याला ती कळेल, ऐकणाऱ्याला कळेलच असे नाही.

या गीताच्या चालीची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागतात. पहिले लयीचे. मूळ गीताची लय एकसुरी नाही. मात्रांचे गट कधी तीनतीनचे, तर कधी दोनदोनचे होतात, त्यामुळे गीताला किंचित हिंदकळत चालल्याचा डौल येतो. दुसरे वैशिष्ट्य स्वरांचे. चाल ज्या स्वरावर सुरू होते, त्याच स्वरावर विसावते. हास्लरने खालचे आवाज अशा रीतीने बांधले आहेत, की हा स्वर आपल्या बिलावल थाटातील गंधारासारखा भासतो. त्याचा षड्ज खाली निश्चिंतपणे उभा असतो. पण याच स्वराला षड्ज मानले, तर तेच सूर भैरवीच्या थाटात जाऊन बसतात. मूर्च्छनाभेदाची कल्पना ज्यांना आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. एकही स्वर न बदलता केवळ आधार बदलला, की चालीचा चेहरा बदलतो. ही शक्यता चालीत प्रथमपासूनच होती. तिचा उपयोग हास्लरने केला नाही. तो इतरांनी केला.

३

हास्लर १६१२ मध्ये वारला. त्यानंतर एका वर्षाने, १६१३ मध्ये, गोर्लित्स या गावी छापल्या गेलेल्या एका भक्तिगीतसंग्रहात त्याची ही चाल एका वेगळ्याच रचनेला जोडली गेली. क्रिस्टोफ क्नोल या सायलेशियातील धर्मोपदेशकाचे ते गीत. या दुःखमय जगातून सुटून सुखाचा अंत यावा, ही त्यातील आस. म्हणजे प्रेयसीसाठी झुरणाऱ्या जिवाच्या जागी मरणासाठी आसुसलेला जीव आला. दोन्ही गीतांत व्याकुळता आहे, दोन्हींत सध्याच्या अवस्थेत करमत नाही. फरक आहे तो व्याकुळतेच्या विषयाचा. विरहिणींच्या अभंगांशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला ही उडी फार लांबची वाटू नये.

'सैतानाच्या हाती सगळ्या चांगल्या चाली का राहू द्याव्यात?' अशा अर्थाचे एक वाक्य मार्टिन ल्यूथरच्या नावावर सर्रास सांगितले जाते. त्याच्या लेखनात त्याला आधार सापडत नाही. प्रत्यक्षात ल्यूथरचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा होता. त्याचे नाताळचे प्रसिद्ध गीत १५३५ मध्ये एका प्रचलित कोड्याच्या गाण्याच्या चालीवर छापले गेले, परंतु १५३९ मध्ये त्याला नवी चाल देण्यात आली आणि आज ते त्या नव्या चालीवरच गायिले जाते. जुनी चाल लोकांच्या तोंडी इतर कारणांसाठी इतकी खेळत होती, की तिने नव्या शब्दांना स्थिर होऊ दिले नाही, असा याचा अर्थ लावला जातो. तात्पर्य, लौकिक चाल उचलली आणि तिच्यावर पारमार्थिक शब्द ठेवले, की काम झाले असे होत नाही. जुने शब्द कानांत जिवंत असतील, तर ते आतून धक्के देत राहतात.

हाच पेच उलट बाजूने मराठीतही उभा राहिला होता. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि ओवी हे साचे स्वीकारले, तेव्हा परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांपेक्षा आपल्या मातीतील चाल मनाच्या अधिक आत जाते, ही त्यांची भूमिका होती. अभंगाची चाल आली की पंढरीची आठवण येणारच. टिळकांना ती आठवण अडचण वाटली नाही. भक्तीची तयार भूमी म्हणून त्यांनी तिचे स्वागत केले.

हास्लरच्या चालीच्या बाबतीत काय घडले? जुने शब्द हळूहळू विसरले गेले आणि त्यांच्याबरोबर जुनी लयही सपाट झाली. मंडळीने एकत्र गायचे, तर तीन आणि दोनच्या गटांचा खेळ अवघड. शब्दाच्या प्रत्येक अवयवाला सारख्या लांबीचा स्वर, ओळीच्या अखेरीस विसावा, असे चालीचे रूप स्थिरावत गेले. लय सरळ करणे हेच या चालीचे पहिले मोठे रूपांतर होय. ते कोणा एकाने केले नाही. असंख्य साध्या गळ्यांनी केले. १६५६ मध्ये योहान क्र्यूगरने आपल्या भजनसंग्रहात पाउल गेरहार्टचे नवे गीत या चालीवर दिले. क्रुसावरील येशूच्या रक्ताळलेल्या मस्तकाला उद्देशून केलेले हे गीत एका मध्ययुगीन लॅटिन रचनेवर आधारलेले आहे. तेव्हापासून ही चाल ख्रिस्ताच्या दुःखभोगाची चाल म्हणून ओळखली जाऊ लागली. प्रेमगीतातील 'मारिया' आता कोणाला आठवत नव्हती.

४

चाल जेव्हा अशी अनेक शब्दांची मालकीण होते, तेव्हा तिच्याकडून शब्द काढून घेतले तर काय होते, याचा विलक्षण प्रयोग योहान सेबास्टियन बाखने लाइप्झिगमध्ये केला. वर्ष १७२३. २९ ऑगस्टच्या रविवारसाठी त्याने एक कंटाटा लिहिला. बाखच्या रचनांच्या प्रचलित सूचीत त्याचा क्रमांक २५ आहे. त्याच्या आरंभीच्या समूहगानात गायक ३८व्या स्तोत्रातील वचन गातात. आपल्या देहात आता काहीही धड उरलेले नाही, अशी ती कबुली आहे. गायकांचे आवाज एकमेकांत गुंतत, कण्हत पुढे सरकत असतात आणि त्यांच्या वर, टप्प्याटप्प्याने, एक वेगळाच वाद्यवृंद हास्लरची चाल चार भागांत वाजवतो. त्यात कॉर्नेट हे लाकडी नळीचे जुने सुषिरवाद्य आहे, तीन ट्रॉम्बोन आहेत आणि वरच्या स्वराला साथ करणाऱ्या बासऱ्या आहेत. त्या वृंदाला शब्द नाहीत.

येथे समीक्षकाला थांबावेच लागते. लाइप्झिगच्या श्रोत्यांना ही चाल किमान तीन गीतांतून माहीत होती. एक क्नोलचे मरणाची आस सांगणारे. दुसरे सहाव्या स्तोत्राच्या आधारे रचलेले, पापी जिवाने 'माझ्यावर कोप करू नकोस' अशी विनवणी करणारे. तिसरे गेरहार्टचे, क्रुसावरील मस्तकाचे. खाली देहाच्या रोगाची कबुली चाललेली असताना वर ट्रॉम्बोन यांपैकी काय म्हणत आहेत? रोगाला मरण हेच उत्तर आहे असे? दयेची याचना? की दुसऱ्या कोणाच्या तरी जखमांनी हा रोग बरा होणार आहे असे आश्वासन? शब्द असते, तर एक अर्थ निश्चित झाला असता आणि उरलेले दोन बाहेर राहिले असते. शब्द नसल्यामुळे तिन्ही एकाच वेळी उपस्थित राहिले. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर अभिधा काढून घेतल्याने व्यंजनेला वाट मिळाली. तथापि ही व्यंजना हवेतून आलेली नाही. श्रोत्यांनी वर्षानुवर्षे ती गीते गायिली होती, म्हणूनच ती शक्य झाली.

बाखने या चालीकडे पुन्हा पुन्हा पाहिले. 'मॅथ्यूकृत दुःखभोग' या १७२७ च्या रचनेत ती पाच वेळा येते. येशूच्या मृत्यूनंतर लगेच येणाऱ्या तिच्या मांडणीत शेवटचा स्वर भैरवीच्या अंगाने, जणू पायाखालचा आधार सरकल्यासारखा विसावतो. आणि १७३४ च्या नाताळसाठी लिहिलेल्या रचनेत पहिले सामूहिक भक्तिगीत याच चालीवर आहे, शेवटचेही तिच्याच चालीवर. मात्र शेवटी तिच्याभोवती तुताऱ्या आणि नगारे यांचा जल्लोष आहे आणि अखेरचा स्वर पुन्हा बिलावलचा गंधार झाला आहे. हास्लरने दिलेला आधार तिला परत मिळाला. जन्माच्या उत्सवात मरणाची चाल आणि मरणाच्या चालीत विजयाचा घोष. स्वर तेच, बदलला तो खालचा आधार. रूपांतर म्हणजे मूळ वस्तूला चढवलेला पोशाख, ही समजूत येथे टिकत नाही. रूपांतरकार येथे भाष्यकार आहे.

५

आता वाद्याविषयी. ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य. त्याची नळी मागेपुढे सरकवता येते. आपल्याकडील काही बँडपथकांतही ते पाहायला मिळते. साध्या तुतारीत एकाच लांबीच्या नळीतून जे नैसर्गिक स्वर निघतात, तेवढेच हाती असतात. मधले स्वर सुटतात. ट्रॉम्बोनची नळी सरकवण्याची सात स्थाने आहेत आणि प्रत्येक स्थानावर वाद्य आधीच्यापेक्षा अर्ध्या स्वराने खाली उतरते. त्यामुळे सर्व स्वर त्याच्या आवाक्यात येतात. पितळी वाद्यांना झडपा बसवण्याची युक्ती १८१४ च्या सुमारास निघाली. तोवर माणसाच्या गळ्याप्रमाणे कोणताही स्वर काढू शकणारे आणि मोठ्या, मध्यम, लहान अशा आकारांत संपूर्ण कुटुंब असलेले पितळी वाद्य हेच होते. म्हणूनच चर्चमध्ये गायकांच्या आवाजांना साथ देण्यासाठी ते वापरले जाई.

जर्मन गावांत नगरपालिकेचे पगारी वादक असत. ते मनोऱ्यावरून किंवा नगरभवनाच्या सज्जातून रोज ठरावीक वेळी वाजवत. लाइप्झिगचा नगरवादक आणि पुढे बाखचा प्रमुख तुतारीवादक झालेला गॉटफ्रीड राइखे याने १६९६ मध्ये अशा वादनासाठी चोवीस छोट्या रचना छापल्या. त्या एक कॉर्नेट आणि तीन ट्रॉम्बोन यांच्यासाठी आहेत. बाखने १७२३ मध्ये जो वृंद योजला तो लाइप्झिगकरांच्या कानांना उंचावरून रोज ऐकू येणारा होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरीकडे, रंगभूमीने ट्रॉम्बोनला परलोकाशी जोडले. मोंतेवेर्दीच्या 'ऑर्फेओ' (१६०७) मधील पाताळात ते वाजतात. मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी' (१७८७) मध्ये मृताचा पुतळा बोलू लागतो तेव्हा ते वाजतात. बेथोव्हेनने १८१२ मध्ये लिंत्स येथे, सर्व मृतात्म्यांच्या स्मरणदिनासाठी, चार ट्रॉम्बोनांच्या तीन छोट्या रचना लिहिल्या. १८२७ च्या मार्चमध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांपैकी दोन वापरल्या गेल्या आणि त्यांना शब्द बसवून गायिलेही गेले. आपण पाहत असलेल्या प्रवासाच्या नेमके उलट हे उदाहरण आहे. तेथे वाद्यांच्या सुरावटीला शब्द मिळाले, हास्लरच्या गीताने ते गमावले.

६

मोरेव्हियन बंधुसंघ हा प्रोटेस्टंट पंथातील एक छोटा समाज. मोरेव्हियातून धार्मिक छळामुळे बाहेर पडलेले काही लोक १७२२ मध्ये सॅक्सनीत काउंट त्सिंत्सेनडॉर्फ याच्या जमिनीवर स्थायिक झाले. त्या वसाहतीचे नाव हेर्नहुट. तेथून त्यांचे धर्मप्रचारक जगभर गेले. भारतातही, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे ते १७६० मध्ये आले होते आणि लडाखमधील लेह येथे १८८५ पासून त्यांचे केंद्र आहे. हेर्नहुटमध्ये १७३१ पासून ट्रॉम्बोनचा वापर सुरू झाला. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम हे गाव त्यांनी १७४१ मध्ये वसवले आणि १७५४ मध्ये तेथे ट्रॉम्बोनांचा एक पूर्ण संच दाखल झाला. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशी ती चार आकारांची वाद्ये होती. तेथील ट्रॉम्बोनवृंद अमेरिकेतील सर्वांत जुन्या, अखंड चालत आलेल्या संगीतसंस्थांपैकी एक मानला जातो.

या समाजाची रचना कुटुंबावर नव्हे, तर गणांवर आधारलेली होती. विवाहित पुरुष, विवाहित स्त्रिया, विधुर, विधवा, अविवाहित पुरुष, अविवाहित स्त्रिया, मुले, मुली असे ते गण. आरंभीच्या काळात अविवाहितांचे गण स्वतंत्र वास्तूंत एकत्र राहत. मरणानंतरही हीच व्यवस्था कायम असे. दफनभूमीत माणूस आपल्या घरच्यांशेजारी नव्हे, तर आपल्या गणाशेजारी विसावे आणि प्रत्येकाच्या माथ्याशी सारखीच सपाट, जमिनीशी लीन असलेली शिळा असे. श्रीमंत आणि गरीब यांत तेथे फरक दिसत नसे.

कोणी वारले, की उंचावरून, इमारतीच्या माथ्यावरून आणि पुढील काळात चर्चच्या मनोऱ्यावरून, चार ट्रॉम्बोन तीन चाली वाजवत. पहिली हास्लरची. तिचा अर्थ एवढाच : आपल्यातील एक जण घरी गेला आहे. दुसरी चाल मृताच्या गणाची असे. प्रत्येक गणाची चाल ठरलेली होती. तिसरी पुन्हा पहिलीच. शेतात, विहिरीवर, कामाच्या ठिकाणी असलेली माणसे हात थांबवून ऐकत. दुसऱ्या चालीचे आरंभीचे स्वर कानी पडताच वारलेली व्यक्ती विधवा आहे की लहान मूल आहे, हे त्यांना कळे. छोट्या गावात कोण आजारी आहे हे ठाऊकच असते, त्यामुळे नाव उच्चारण्यापूर्वीच बहुतेकांना नाव कळत असणार.

ही एक संपूर्ण भाषाच आहे. तिला व्याकरण आहे. पहिली चाल क्रियापदाचे काम करते, दुसरी कर्त्याचे आणि तिसरी वाक्य पुरे करते. तीत अक्षर एकही नाही. ज्या चालीच्या पहिल्या गीतात एका मुलीचे नाव आद्याक्षरांत लपवले होते, तीच चाल आता न उच्चारलेल्या नावाची बातमी देत होती. हा योगायोग आहे. मोरेव्हियनांना हास्लरच्या 'मारिया'शी कर्तव्य नव्हते. पण दोन्हीकडे संकेत जाणणाऱ्यालाच नाव कळते, हे साम्य मात्र खरे.

७

अशा प्रसंगी चार ट्रॉम्बोनांसाठी चाल बांधायची, म्हणजे नेमके काय करायचे? मोरेव्हियनांचा प्रमाण चालसंग्रह क्रिस्टियान ग्रेगोरने १७८४ मध्ये लाइप्झिग येथे प्रसिद्ध केला. त्यांच्या वर्गीकरणात आकडा छंद दाखवतो आणि अक्षर त्या छंदातील विशिष्ट चाल. हास्लरची चाल तेथे '१५१ अ' या खुणेने ओळखली जाते. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी ही पद्धत आहे, कारण तिच्यात चाल शब्दांवरून नव्हे, तर मापावरून शोधली जाते. ग्रेगोरच्या पुस्तकात वरची चाल आणि खालचा आधारस्वर एवढेच दिलेले आहे. मधल्या सुरांची सूचना आकड्यांनी केलेली आहे. चार वाद्यांसाठी मांडणी करणाऱ्याला त्या सूचनांवरून मधले दोन आवाज लिहून काढावे लागतात.

या कामात काही अडचणी वाद्याच्या स्वभावातून येतात. नळी सरकत असताना फुंक चालू राहिली, तर मींड ऐकू येते. भजनात ती नको असते, म्हणून वादकाने प्रत्येक स्वर जिभेच्या हलक्या स्पर्शाने सुटा करायचा, पण ओळ तुटू द्यायची नाही. मधल्या आवाजांना शक्यतो जवळच्या स्वरांवर ठेवायचे, म्हणजे हाताची ओढाताण कमी होते आणि स्वर नेमका लागतो. ओळीच्या अखेरीस चौघांनी एकत्र श्वास घ्यायचा. शब्द नसल्याने श्वासाची जागा हीच ओळीची खूण. उघड्या हवेत, उंचावरून आवाज लांब जायचा असतो, तेव्हा बारीक नक्षी वाऱ्यावर विरून जाते आणि साधे, रुंद स्वर तेवढे पोहोचतात. हास्लरच्या पाच आवाजांतला आणि हिंदकळत्या लयीतला खेळ येथे पूर्णपणे मावळतो. जे उरते ते चालीचे अस्थिपंजरासारखे, पण अत्यंत स्पष्ट रूप.

हा ऱ्हास म्हणावा काय? संगीताच्या श्रीमंतीच्या दृष्टीने पाहिले, तर बाखच्या मांडणीपुढे ही चार भागांची मांडणी साधी आहे. पण तिच्याकडून अपेक्षाच निराळी होती. श्रोत्याने रसास्वाद घ्यावा यासाठी ती नव्हती. श्रोत्याला ओळख पटावी यासाठी होती. ओळखीसाठी बांधलेल्या रूपांत नावीन्य हा दोष ठरतो. दवंडी पिटणाऱ्याने दर वेळी निराळी लय योजली, तर दवंडी कळेल कोणाला? रूपांतराचे मोल त्याच्या प्रयोजनावरून ठरवावे लागते, हा धडा साहित्याच्या अभ्यासकालाही तितकाच लागू आहे.

८

ही भाषा समजणारा समाज मात्र तसाच राहिला नाही. बेथलेहेममधील सामाईक अर्थव्यवस्था १७६२ मध्ये मोडली. १८४४ पर्यंत त्या गावात बाहेरच्या लोकांना जमिनीची मालकी मिळत नव्हती. ते बंधन उठले आणि १८४५ मध्ये बेथलेहेमला इतर गावांसारखाच नागरी दर्जा मिळाला. वस्ती मिसळली. मनोऱ्यावरून येणारे तेच सूर आता शेजारी राहणाऱ्या, पण संकेत न जाणणाऱ्या कानांवरही पडू लागले. त्यांना ते गंभीर, सुंदर संगीत वाटले असेल. बातमी वाटली नसेल. सूर बदलले नाहीत, ऐकणारे बदलले आणि भाषेचे संगीत झाले.

चाल मात्र थांबली नाही. १९७३ मध्ये पॉल सायमन या अमेरिकी गायक-गीतकाराने 'अमेरिकन ट्यून' हे गीत याच चालीच्या आधारे रचले. त्याचा नायक थकलेला आहे, आपल्या देशाच्या वाटचालीने खिन्न झालेला आहे आणि आरंभीच आपल्या गोंधळलेपणाची कबुली देतो. सायमनपर्यंत चाल पोहोचली ती बाखच्या मार्गाने. तरीही हास्लरच्या गीताचा पहिला उद्गार मनाच्या गोंधळाचाच होता, हे आठवले की क्षणभर थबकायला होते. चालीने पावणेचारशे वर्षे तो शब्द जपून ठेवला होता, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. चाल काही जपत नाही. तिच्यात प्रश्नार्थक काहीतरी आहे, तिचा शेवटचा स्वर दोन आधारांच्या मध्ये तरंगता राहू शकतो आणि त्यामुळे अनिश्चित, व्याकुळ मनःस्थितीला ती जवळची वाटते, एवढेच सांगता येते. बाकी सारे माणसे तिच्यात ठेवतात.

यावरून आरंभीच्या प्रश्नांकडे वळता येते. चालीला स्वतःचा पक्का अर्थ नसतो; पण ती रिकामे भांडेही नसते. तिची घडण काही अर्थांना सहज सामावते, काहींना सामावत नाही. जुन्या शब्दांचा अंश ती आणते, पण ते शब्द गाणारी माणसे जिवंत असतील तोवरच. आणि शब्द पूर्णपणे गेले, तरी ती बोलू शकते. अट एवढीच, की ऐकणाऱ्यांनी कधीकाळी ते शब्द एकत्र गायिलेले असावेत. चार ट्रॉम्बोनांनी दिलेली मरणवार्ता गावाला समजत होती, याचे कारण ट्रॉम्बोनांत नव्हते. गावाच्या सामाईक स्मृतीत होते.

नाट्यपदांवरची 'चाल' ही ओळ याच स्मृतीचा पत्ता आहे. १८८२ च्या प्रेक्षकाने सुभद्रेच्या तोंडी एखादी ओळखीची चाल ऐकली, तेव्हा त्याला तिच्यामागचे लावणीचे किंवा कीर्तनाचे शब्द ऐकू येत होते आणि पदाचा अर्थ या दोन शब्दसंहितांच्या मधल्या जागेत तयार होत होता. आपण केवळ वरची संहिता शिकवतो, तेव्हा त्या प्रेक्षकाने अनुभवलेल्या अर्थाचा अर्धाच भाग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. ज्या गाण्यांचा निर्देश त्या ओळींत आहे, त्यांपैकी किती आज कोणाला म्हणून दाखवता येतील? ज्यांना येतात त्या वृद्ध कीर्तनकारांना, नटांना, घरातील आजीला गाठून त्यांच्याकडून ती ऐकणे, लिहून आणि ध्वनिमुद्रित करून घेणे, हे मराठीच्या विभागांनी हाती घ्यावे असे संशोधन आहे. नाही तर मनोऱ्यावरून सूर येत राहतील, आपण ते आवडीने ऐकू आणि कोण गेले ते आपल्याला कळणार नाही.